पोचल्याचं कळेपर्यंत

माझं घरातलं नाव बेबी. आता कवळी काढून ठेवली की मी पुन्हा बेबीसारखीच दिसते, तेव्हा नाव अगदीच वाया गेलेलं नाही. पण ज्या बेबीबद्दल मी आज लिहायला बसले आहे ती कॉलेजात नुकतीच गेलेली, दोन वेण्या घालणारी आणि स्वतःला फार समजणारी मुलगी होती. आपला डावा गाल उजव्यापेक्षा देखणा आहे असं तिचं ठाम मत होतं, म्हणून ती कोणाशीही बोलताना मान जरा वळवून बोलायची. लोकांना वाटे, बिचारीची मान आखडली आहे. या मुलीजवळ मिरवण्यासारखी गोष्ट एकच होती, ती म्हणजे तिचा भाऊ.

जबलपुरात मदन महलच्या टेकडीखाली, स्टेशनाच्या अलीकडे आमचं घर. बाबा तोफांच्या फॅक्टरीत ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढत, आणि घराचा नकाशाही त्यांनी स्वतःच काढला होता: बाहेरची खोली, स्वयंपाकघर, आतली खोली, पुढे अंगण आणि अंगणात कडुनिंब. बाबांचं बोलणंही नकाशासारखं होतं, जेवढं मोजलं तेवढंच. भाजीत मीठ कमी असेल तर "कमी आहे" म्हणत; "जरा कमी आहे" म्हणत नसत, कारण जरा म्हणजे किती ते सांगता येत नाही. आई सागर गावची. तिचं मराठी तुमच्या पुण्याच्या माणसांना ऐकवलं असतं तर त्यांनी दुभाषा मागितला असता. "काय करून राहिली बेबी, दूध उतू चाललं ना!" हा माझ्या सकाळचा गजर. मग फॅक्टरीचा भोंगा, मग इटारसीकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी, आणि दुपारी लांबून तोफांच्या चाचणीचे आवाज. ते आले की मांडणीवरच्या कपबश्या किणकिणत. आम्हा जबलपूरकरांना त्याचं काही वाटत नाही. पाहुणे मात्र चहा सांडत.

दादा कॉलेजच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर होता. गोहलपुरातल्या एका कारागिराकडून शिवून घेतलेले त्याचे बूट दारात पडलेले असत, आणि त्यांचा वास सोमवारच्या उपासाला सुद्धा बाट लावील असा होता. गोलकीपरला इतरांहून वेगळ्या रंगाचा कपडा लागतो म्हणून आईने त्याला हिरवा स्वेटर विणून दिला. विणताना तिचं लक्ष रेडिओकडे होतं, त्यामुळे डावी बाही उजवीपेक्षा चांगली बोटभर लांब झाली. दादा म्हणाला, "राहू दे आई, मी डावीकडेच जास्त उडी मारतो."

आई त्याचा सामना बघायला एकदाच आली. रेल्वेच्या टीमबरोबर शेवटची लढत होती. आम्ही दोघी बायकांसाठी घातलेल्या खुर्च्यांवर बसलो आणि आई पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त दादाकडे बघत राहिली. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, सगळं मैदान तिकडे बघून ओरडतंय, आणि ही इकडे. थोड्या वेळाने मला म्हणाली, "काहून गं, याला कोणी खेळायला नाही घेत का? नुसता उभा आहे बिचारा." मी समजावलं की त्याचं कामच उभं राहायचं आहे. "उभं राहायला इतके मोठे बूट?" ती म्हणाली. मग रेल्वेला पेनल्टी मिळाली. रेल्वेचा सेंटर फॉरवर्ड उंच, गोरा, कुरळ्या केसांचा होता आणि आमची बेबी मनातल्या मनात त्यानेच गोल मारावा म्हणून नवस बोलत होती. सख्खा भाऊ समोर उभा, आणि ही त्याच्या शत्रूला डावा गाल दाखवत बसलेली. चेंडू आला. दादा डावीकडे आडवा उडाला, चेंडू पोटाशी धरला आणि धाडकन बरगड्यांवर आपटला. सगळे नाचायला लागले. आई उभी राहून ओरडली, "अरे नाचता काय, उचला त्याला आधी!"

दादा जेव्हा वैमानिक व्हायचं म्हणाला तेव्हा बाबांनी त्याच्यासाठी ड्रॉइंग ऑफिसात शब्द टाकून ठेवला होता. त्यांनी दादाचं सगळं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाले. त्यांच्या हिशेबात बरं म्हणजे बरंच. आई मात्र पोळी लाटता लाटता थांबली. "आणि पडला तर?"

"आई, मी गोलकीपर आहे. पडायची सवय आहे मला."

आम्ही सगळे हसलो. आईही हसली, म्हणजे मला तरी तसं वाटलं होतं.

दादा हवाई दलात गेला आणि बेबीचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. आकाशात काहीही दिसलं की ती मैत्रिणींना सांगे, "तो बघ, माझा दादा." एकदा तो दादा टेकडीवर उतरून मेलेल्या गाईवर बसला, तेव्हा ते गिधाड होतं हे सगळ्यांना कळलं. तिने वर्गात असंही पसरवलं की आपला भाऊ सीमेवर बॉम्ब टाकतो. पुढच्या सुट्टीत दादा घरी आला असताना त्या सगळ्या जणी त्याला बघायला नटून आल्या. एकीने मान वेळावून विचारलं, "शरददादा, बॉम्ब टाकताना भीती नाही वाटत?"

"बॉम्ब?" दादा म्हणाला. "मी बटाटे टाकतो."

त्याचं विमान सामान वाहून नेण्याचं होतं. आसामातल्या तळावरून ते निघायचं आणि डोंगरांच्या आत, जिथे रस्ता नाही तिथल्या आपल्या चौक्यांवर पोती टाकायचं. पीठ, मीठ, डाळ, बटाटे. कधी हवाई छत्रीला बांधून जिवंत शेळ्या. "खाली उतरल्यावर शेळी अशी बघते ना वर, जशी बेबी चिडल्यावर बघते," दादा म्हणाला आणि माझ्या मैत्रिणी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. बेबी चार दिवस कॉलेजला गेली नाही. आज वाटतं, बॉम्ब टाकणाऱ्या भावापेक्षा बटाटे टाकणाऱ्या भावाचीच बढाई मारायला हवी होती. पण त्या वयात बटाट्याची किंमत कोणाला असते?

आता आईच्या नियमाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. माणूस गावाला निघाला की त्याच्या पाठोपाठ केर काढू नये, हे बहुतेक मराठी घरांत पाळतात. माणूस गेल्याबरोबर केर काढतात तो फक्त एकदाच, आणि त्या वेळी जाणारा परत यायचा नसतो. बाकी घरी तासाभरात हे सूतक फिटतं. आईच्या माहेरी मात्र जाणाऱ्याची बैलगाडी पुढच्या गावाची शीव ओलांडून गेल्याची खबर येईतो केरसुणीला हात लावत नसत. लग्न होऊन ती जबलपुरात आली, बैलगाडीची आगगाडी झाली आणि शिवेच्या जागी आलं पोस्ट ऑफिस. दादा हातावरचं दही चाटून "येतो" म्हणून निघाला की पोचल्याची तार येईपर्यंत आमच्या घरात केर निघत नसे. कडुनिंबाचा पाला अंगणात, मटाराच्या साली स्वयंपाकघरात, माझ्या रिबिनींचे तुकडे सगळीकडे. "रस्त्यात असलेल्या माणसाच्या पायाखालचं झाडून काढायचं का?" आई विचारी. बाबांचा असल्या गोष्टींवर मुळीच विश्वास नव्हता, पण तेही पायांत चपला घालून घरात फिरत आणि तारेची वाट बघत. तार आली की आमच्याकडे काम करणारी दुलारी म्हणायची, "भैया पहुँच गए? चलो, अब घर घर जैसा लगेगा."

माझी नात मिहिका हैदराबादला असते. मागच्या दिवाळीत तिने मला जमिनीवर आपला आपण फिरणारा, केर गिळणारा एक गोल डबा आणून दिला. ती परत निघाली तशी मी त्याची वायर काढून ठेवली. "आजी, इट्स जस्ट अ फ्लोअर यार," ती म्हणाली. तिला मराठी समजतं, बोलायला लाजते. मग विमानतळावरून, विमानातून, टॅक्सीतून मला फोटो पाठवत राहिली. शेवटी "रीच्ड" असं आलं तेव्हा मी वायर लावली. डबा बिचारा कोपऱ्यात तोंड घालून बसला होता, लगेच कामाला लागला. त्याला नियमाचं काही वाटलं नाही. यंत्रं समजूतदार असतात.

ती वेगळी तार आली तेव्हा पावसाळा सरत आला होता. बाबा नुकतेच फॅक्टरीतून आले होते, पँटच्या पायाला सायकलची क्लिप तशीच होती. त्यांनी दारातच उभं राहून तार वाचली. मग पुन्हा वाचली. आई आतून म्हणाली, "कोणाची हो? शरदची का? सुट्टी मिळाली का त्याला?" बाबा आत आले, पाटावर बसले. मी त्यांच्या मागे उभी होते आणि माझं इंग्रजी इतकंही वाईट नव्हतं.

"शरदचं विमान सकाळी निघालं," बाबा म्हणाले. "पोचलं नाही अजून."

तारेत "अजून" कुठेही नव्हतं. तारेत विमान बेपत्ता असल्याचं होतं, शोध चालू असल्याचं होतं आणि खेद होता. ज्या माणसाने जन्मात एक रेघ वाढवून काढली नाही, त्याने त्या संध्याकाळी पदरचा एक शब्द घातला. मला तो ऐकू आला आणि मी बाबांच्या पाठीकडे बघत राहिले. पाठ अगदी सरळ होती.

आईने तवा उतरवला, चूल विझवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुलारीने केरसुणी उचलली, तर आईने ती तिच्या हातातून घेऊन दारामागे ठेवली.

"आज नहीं, दुलारी."

"क्यों बाई?"

"भैया रास्ते में हैं."

दुलारीने माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे. बाबा डब्याला फडकं बांधत होते. त्यांनी गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

असं सुरू झालं. लोकांना वाटतं दुःख म्हणजे रडणं. आई फारशी रडली नाही. रोज आंघोळ, देवपूजा, वरणभात, सगळं ठरल्या वेळी. एवढंच की केर निघत नव्हता. पावसाचा चिखल वाळून त्याची धूळ झाली. टेकडीवरून वारा यायचा आणि जाताना सगळं आमच्याकडे टाकून जायचा. चिमण्यांच्या घरट्यातल्या काड्या, भाकरीचा कोंडा, मेलेले पतंग. चालताना पायाखाली कचकच वाजे. बाबा संध्याकाळी आले की वाकून हाताने मोठा मोठा कचरा उचलत. हाताने उचललेलं नियमात बसत होतं. बेबीने आणखी एक पळवाट शोधली होती. दुपारी आई जरा पडली की ती बाहेरच्या खोलीतला पंखा पुऱ्या वेगाने सोडायची, म्हणजे धूळ आपोआप कोपऱ्यात जाऊन बसायची. ती जात नसे. ती उडून बेबीच्या पावडर लावलेल्या तोंडावर बसे. दादा हरवला होता आणि ही मुलगी आरशासमोर उभी राहून स्वतःच्या नाकावरची धूळ पुसत रडत होती. कशासाठी रडतेय हे तिचं तिला सांगता आलं नसतं.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिची पूजा करतात. आई बाजारात जाऊन केरसुणी घेऊन आली, तिला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आणि पूजा झाल्यावर ती कोरी केरसुणी दारामागे जुन्या केरसुणीशेजारी उभी केली. शेजारच्या काकू दारातूनच फराळाचं ताट देऊन परत गेल्या. आत यायला त्यांना भीती वाटली असावी. मला त्यांचा राग आला, आणि आईचा त्याहून जास्त.

दिवाळीनंतर दादाची ट्रंक आली. बाबांनी ती स्टेशनवरून टांग्यात घालून आणली. आत गणवेश, दाढीचं सामान, पत्त्यांचा एक कॅट आणि तो हिरवा स्वेटर. आईने स्वेटर नाकाशी धरला आणि तिचा चेहरा एकदम कडक झाला.

"हा धुतलेला आहे," ती म्हणाली. "कोणी धुतला? कोणाला सांगितलं होतं धुवायला?"

कोणी तरी भल्या माणसाने, मृताचे कपडे मळके पाठवू नयेत म्हणून धुतला असेल. आईने त्या अनोळखी माणसाला सागरच्या मराठीत मनसोक्त शिव्या दिल्या. तेवढी एकदा ती मोठ्याने बोलली. मग ट्रंक आतल्या खोलीत दादाच्या खाटेखाली गेली.

हिवाळ्यात बाबांनी माझं लग्न काढलं. मला तेव्हा वाटलं, माझ्या रूपाची कीर्ती अकोल्यापर्यंत गेली आहे. खरं म्हणजे बाबांना मला त्या धुळीतून बाहेर काढायचं होतं. त्यांनी एका ओळखीच्या मध्यस्थाकरवी अकोल्याच्या मंडळींना बोलावलं. बँकेत नोकरी असलेला मुलगा आणि त्याची विधवा आई. बघण्याच्या आदल्या दिवशी बाबा जवळच्या पनागरहून ताजे मटार घेऊन आले आणि मी आईच्या पाया पडले. खरोखर पडले.

"आई, फक्त उद्याच्या दिवस. फक्त बाहेरची खोली."

"तो रस्त्यात असताना?"

"आई, तो..." मी म्हणाले, आणि पुढे काय म्हणणार होते ते बाबांनी ऐकलं.

"बेबी," बाबा म्हणाले, "मटार सोल."

मी मटार सोलले. शेंगांच्या साली मुद्दाम जमिनीवर टाकल्या, आईला दिसाव्या म्हणून. आईने त्या एकेक करून हाताने उचलल्या.

दुसऱ्या दिवशी मंडळी आली. मुलाने सभ्यपणे बूट दारात काढले आणि पांढऱ्याशुभ्र मोज्यांनी आत आला. खुर्चीपर्यंत पोचेतो मोजे राखाडी झाले होते. आमच्या यांना ते मोजे अजून आठवतात. मटार-पोहे समोर आले की म्हणतात, "आज मोजे घालू का?" मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, डावा गाल पुढे करून, आणि माझ्या नव्या साडीच्या काठाने जमिनीवर धुळीत एक लांब पट्टा ओढत. माझ्या होणाऱ्या सासूबाई, वत्सलाबाई, बसल्या होत्या तिथून त्यांनी तो पट्टा बघितला. मग खोलीभर नजर फिरवली. त्या वऱ्हाडातल्या. पोटात एक आणि ओठात एक असं त्यांना जमत नसे.

"काहून हो बाई," त्या आईला म्हणाल्या, "झाडणारी नाही येऊन राहिली का?"

बाबांनी मान खाली घातली. मला वाटलं, जमिनीने मला पोटात घ्यावं, धुळीसकट.

"येते ना," आई म्हणाली. "मीच झाडू देत नाही. माझा मुलगा निघाला आहे. पोचल्याचं कळलं नाही अजून."

"कुठून निघाला?"

"आसामातून. विमान घेऊन."

"केव्हा?"

"पावसाळ्यात."

टेकडीपलीकडे तोफ उडाली आणि कपबश्या किणकिणल्या. मुलाचा चहा सांडला. वत्सलाबाईंच्या हातातला सांडला नाही. त्यांनी पोहे शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले, मला नाव विचारलं, स्वयंपाक येतो का विचारलं, मी येतो म्हणाले ते खोटं आहे हे त्यांना कळलं तरी मान हलवली. मग उठल्या. दाराशी गेल्या, चपला घातल्या आणि वळून आईच्या समोर उभ्या राहिल्या.

"बाई, आता आम्ही निघून राहिलो. अकोल्याला पोचलो की कार्ड टाकते. तोवर तुम्ही झाडू नका बरं. आमचंही राहू द्या."

इतक्या महिन्यांत लोकांनी आईला पुष्कळ सांगितलं होतं. धीर धरा, वास्तव स्वीकारा, सत्यनारायण घाला. झाडू नका असं कोणी म्हटलं नव्हतं. आईने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग आत जाऊन दह्याची वाटी आणली आणि दोघांच्या हातावर दही घातलं.

कार्ड आलं. पत्ता मुलाच्या अक्षरात होता आणि मजकूर वत्सलाबाईंच्या, वाकडा. आम्ही सुखरूप पोचलो. मुलगी पसंत आहे. बेबीला त्यातलं फक्त दुसरं वाक्य दिसलं आणि ती कार्ड घेऊन अंगणभर नाचली. आईने मला हाक मारली. "पहिलं वाच," म्हणाली. मी वाचलं. "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. आईने पदर खोचला, दारामागून कुंकू लागलेली कोरी केरसुणी काढली आणि बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. दुलारी मदतीला धावली तर तिला हाताने मागे सारलं. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, अंगण. केराचा ढीग गुडघ्याएवढा झाला. आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी ती थांबली. मी म्हणाले, "आई, ही राहिली."

"हे त्यांचं होतं," आई म्हणाली. "आतलं त्याचं आहे." आणि तिने दार ओढून घेतलं.

त्यानंतर आमचं घर इतरांच्या घरासारखं दिसू लागलं. माझं लग्न झालं, मी अकोल्याला गेले, मुलं झाली, डावा गाल उजव्यासारखाच सुटला. सासूबाईंनी तो विषय मरेपर्यंत काढला नाही, पण मी माहेरहून परत आले की पदर सोडायच्या आधी त्या पोचल्याचं कळवायला माझ्या हातात कार्ड देत. पुढे कार्डाचा फोन झाला. हवाई दलाकडून एक कागद आला, त्यात दादाला मृत मानल्याचं होतं. बाबांनी तो वाचून घडी घातली आणि या वेळी आईला काही सांगितलं नाही. आतल्या खोलीत आई रोज दिवा लावायला जायची, भिंतीच्या कडेने, पावलावर पाऊल ठेवून. बाकी जमिनीवर धुळीचा मऊ थर बसला होता, साईसारखा. मी माहेरी आले की बाहेरच्या खोलीत झोपायची.

आई गेली ती शांतपणे, हिवाळ्यातच. तिला नेल्याबरोबर शेजारणींनी रीतीप्रमाणे केर काढायला घेतला. माझ्या कानात केरसुणीचा तो खर्र खर्र आवाज शिरला आणि मला कळलं की आई कशाला एवढी भीत होती. एकीने आतल्या खोलीची कडी काढली. मी म्हणाले, "ती राहू द्या. ती मी बघते."

अस्थी आणायच्या दिवशी सकाळी मी आतली खोली उघडली. माझे केस पिकले होते तरी उंबऱ्यावर मला पुन्हा दोन वेण्या फुटल्यासारखं वाटलं. मी हळूहळू, धूळ उडू न देता झाडलं. खाटेखाली चिमणीची पिसं, एक वाळका मटार, स्वेटरमधून गळालेलं हिरव्या लोकरीचं टोक. सगळं जमा केल्यावर जेमतेम ओंजळभर झालं. इतकी वर्षं, आणि ओंजळभर. मी आईच्या जुन्या साडीचा तुकडा फाडला आणि त्यात ते बांधलं.

नर्मदेच्या ग्वारीघाटाला आमचे हे, गुरुजी आणि मी, असे नावेत बसलो. आमच्यात बायका जात नाहीत, मी गेले. मधल्या धारेत आईच्या अस्थी सोडल्या. मग मी माझं गाठोडं काढून सोडायला लागले तर त्यातून धूळ आणि पिसं सांडली. नावाडी वल्हं थांबवून ओरडला, "माताराम, कचरा मत डालो नर्मदाजी में!"

"कचरा नहीं है भैया," मी म्हणाले. "मेरा भाई है."

नावाड्याने वल्हं पाण्याबाहेर काढून मांडीवर आडवं धरलं, आणि नाव आपली आपण वाहत राहिली तोवर मी गाठोडं सोडलं. धूळ आधी पसरली, मग बुडाली. पिसं तरंगत बरीच लांब गेली.

घरी बाबा ओट्यावर खुर्चीत बसले होते. त्यांना आता चालवत नव्हतं, म्हणून ते घाटावर आले नव्हते. माझ्या रिकाम्या हातांकडे त्यांनी बघितलं.

"पोचली?"

"दोघं पोचली, बाबा."

त्यांनी मान हलवली. मग भिंतीला धरून उठले, दारामागे गेले आणि केरसुणी घेऊन बाहेर आले. जन्मात पहिल्यांदा. ती कशी धरतात तेही त्यांना ठाऊक नव्हतं. पेन्सिल धरावी तशी टोकाशी धरली आणि ओट्यावरचा कडुनिंबाचा पाला ते इकडून तिकडे, तिकडून इकडे लोटत राहिले. अर्धा पाला होता तिथेच राहिला. मी मध्ये पडले नाही. पायरीवर बसून त्यांचं झाडून व्हायची वाट बघितली.